शेतावरच्या वेल्डिंगसाठी जनरेटर घेण्याआधी

दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, दाखवू?' त्याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी कोणती रॉड किती ॲम्पिअरवर चालवणार ते कागदावर लिहा. शेड, गेट, गोठ्याची पाइपिंग ही कामं बहुतेक १२ नंबर आणि १० नंबरवर होतात, म्हणजे २.५ आणि ३.१५ मिमीच्या रॉडवर. १२ नंबरला ८० ॲम्पिअर धरा, १० नंबरला ११०. रॉडच्या वेल्डिंगला आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचं, व्होल्टेज काढायचा ठरलेला हिशेब असा: ॲम्पिअरला ०.०४ ने गुणा आणि त्यात २० मिळवा. ११० ॲम्पिअरला २४.४ व्होल्ट आले, म्हणजे आर्कमध्ये २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर मशीन, म्हणजे हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, स्वतः थोडं खातं, त्यामुळे आत साधारण ३.४ किलोवॅट जातात. या मशीनचा पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) ०.७ च्या आसपास धरला तर जनरेटरवर ४.८ केव्हीए पडतात. २३० व्होल्टला ते झाले २१ ॲम्पिअर. हाच हिशेब १२ नंबरला केला तर साडेचौदा ॲम्पिअर येतात. साडेचौदा आणि २१ हे दोन्ही आकडे कागदावर ठळक लिहून ठेवा.

मशीन जुनं तांब्याचं, ट्रान्सफॉर्मरवालं असेल तर हा हिशेब लागू नाही. त्याचा पॉवर फॅक्टर पार निम्म्यावर येतो, बरीचशी मशिन्स दोन फेजवर ४१५ व्होल्टला चालतात, आणि त्यांच्यासाठी एवढा मोठा जनरेटर सेट लागतो की तेवढ्या पैशात इन्व्हर्टर मशीन नवं घेणं परवडतं. ते मशीन वर्कशॉपमध्येच राहू द्या.

आता जनरेटरची नेमप्लेट. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो, जो सेट थोडा वेळच देऊ शकतो. तुम्हाला हवा तो रेटेड, म्हणजे सतत मिळणारा. ४.८ ची गरज असेल तर रेटेड सहाच्या खाली जाऊ नका, साडेसहा मिळाला तर उत्तम. रॉड टेकवताना लोड एका झटक्यात येतो, तो झटका इंजिनाला पेलवला पाहिजे. तीन फेजचा सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. साडेसात केव्हीएच्या तीन फेजमधून एका फेजला अडीचच येतात आणि आपलं मशीन एकाच फेजवर चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेटच्या पॅनेलसमोर खाली बसा आणि सॉकेट वाचा. किती केव्हीएचा सेट हे विसरा, सॉकेट किती ॲम्पिअरचं ते वाचा. घरातल्या पॉवर पॉइंटसारखी तीन पिनांची १६ ॲम्पिअरची दोन सॉकेट असतील, तर एका सॉकेटमधून मिळतात फक्त ३.७ केव्हीए. सेट साडेसहाचा असो की दहाचा. राहिलेली ताकद दुसऱ्या सॉकेटला आहे आणि ती इकडे वळवता येत नाही.

गेल्या वेळी आमच्याकडून हेच राहिलं. केव्हीए पाहिले, इंजिन पाहिलं, दुकानाबाहेर १२ नंबरची रॉड लावून पाहिली, सुरेख चालली. चालणारच, साडेचौदा ॲम्पिअरच तर खेचत होती. शेतावर खांबाच्या बेसप्लेटला १० नंबर लावली आणि काही रॉडनंतर सेटचा ब्रेकर पडला. चढवला, पुन्हा पडला. टॉप उपसून पाहिला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं. १६ च्या सॉकेटमधून २१ खेचले की दुसरं काय होणार? सेट चांगला होता, मशीन चांगलं होतं, आणि खांब उभे करायला आलेली माणसं बांधावर बसून राहिली.

म्हणून ३२ ॲम्पिअरचं सॉकेट असलेलाच सेट घ्या. निळं, गोल, झाकणवालं इंडस्ट्रियल सॉकेट असतं ते. त्याचा जोडीचा टॉप त्याच दिवशी, त्याच दुकानातून घ्या, तालुक्याच्या गावात आयत्या वेळी मिळेलच असं नाही. आणि ट्रायल घ्याल ती १० नंबरवरच घ्या, सलग पाच-सहा रॉड जाळून. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. ३२ चं सॉकेट नसेल तर १६ च्या टॉपला जाड वायर जोडून काहीही साधत नाही, जळतं ते सॉकेट. ब्रेकर बायपास करून देतो म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटेल, त्याला हात लावू देऊ नका.

एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग, हवाच. कपॅसिटरवाल्या स्वस्त सेटचं व्होल्टेज लोडला खाली बसतं आणि लोड सुटला की उसळतं. ही उसळीच इन्व्हर्टर मशीनचं कार्ड उडवते. मल्टिमीटर सोबत न्या, रिकाम्या सेटवर आणि आर्क चालू असताना, दोन्ही वेळा मोजा. रिकाम्यावर २४० च्या आसपास ठीक. आर्क चालू असताना २०० च्या खाली येत असेल तर तो सेट सोडा.

महाबळेश्वर, पाचगणीच्या पठारावर काम असेल तर हजार मीटर उंचीमागे इंजिनाची ताकद सुमारे १० टक्क्यांनी घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तेव्हा तेवढं जास्त धरा. उन्हाळ्यात अजून थोडं.

ग्राइंडर आणि कटिंग मशीन विसरू नका. १४ इंची कटर दोन किलोवॅटच्या वर खातो आणि सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतो. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी जोडायचं, असं करायचं असेल तर सेट आणखी मोठा घ्या. नाहीतर साइटवर आधीच सांगून ठेवा, रॉडचा होल्डर खाली ठेवल्याशिवाय कटर चालू करायचा नाही. कटर १६ च्या सॉकेटवर, मशीन ३२ च्या. अदलाबदल नको.

वायर. सेटपासून मशीनपर्यंत ४ स्क्वेअर मिमी तांब्याची, होईल तितकी आखूड. दीड स्क्वेअरच्या ३० मीटर वायरीत २१ ॲम्पिअरला सोळा-सतरा व्होल्ट तिथल्या तिथे जातात, आणि ड्रमवर गुंडाळलेली ठेवली तर ती तापते ते वेगळंच. लांब जायचं असेल तर होल्डर आणि अर्थिंगची जाड केबल वाढवा.

सेट उघड्यावर ठेवा, बंद शेडमध्ये किंवा गोदामात अजिबात नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. ठिणग्यांपासून लांब, पेट्रोलचा कॅन त्याहून लांब. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. मशीनचा अर्थिंग क्लॅम्प जोडाच्या जवळ, गंज घासून लावा. सेट घराच्या बोर्डात खुपसून उलटी लाइन द्यायची नाही, खांबावरचा वायरमन त्याने मरू शकतो.

ऑइल बघा. नवा सेट बऱ्याचदा ऑइलशिवाय येतो. उतारावर ठेवला तर ऑइल सेन्सर इंजिन बंद पाडतो, खाली फळी घालून लेव्हल करा. साडेसहाचा सेट भरलेल्या लोडवर तासाला दोन लिटरच्या पुढे पितो, त्या हिशेबाने पेट्रोल न्या. वजन ८०-९० किलो, उचलायला दोघं. आधी सेट चालू, तो स्थिर झाला की मशीन चालू. बंद करताना उलटं. टाकी रिकामी होऊन सेट गचके खात बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवायचं नाही.

काम संपलं आणि सेट महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, मग कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून त्यातलं पेट्रोलही काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात पाणी धरतं आणि जेट चोक होतो.