जर्मनीत भाड्याचं घर घेताय? गावाकडून निघालेल्या पोरापोरींनो, या चुका टाळा

शेजारच्या काकूंनी पोराची बॅग ओट्यावर उघडून ठेवली होती. वर ज्वारीचं पीठ, लोणचं, खारोड्या. खाली ॲल्युमिनियमचा कुकर आणि खोलगट तवा. पोरगा स्टुटगार्टजवळच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला निघालाय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून मी दिवाळीला दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आले की असं एखादं घर मला दिसतंच. भाषेची परीक्षा, व्हिसा, पगार, सगळं मला विचारतात. राहायच्या घराबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

"थे तं भेटूनच जाते ना जी," काकू म्हणाल्या.

नाही भेटत, काकू. आणि भेटलं तरी पहिल्या दोन महिन्यांत पोरं तिथंच अडकतात. मीही त्याच राज्यात नर्स आहे, तीन घरं बदलली, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका स्वतः केल्या. गावात घर शब्दावर मिळतं. "आपल्या अमक्याचा पोरगा आहे" एवढं पुरतं, चावी हातात येते. तिथं तुम्ही कोणाचेच कोणी नसता, म्हणून कागदच तुमची ओळख असतो. हे डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

घर न पाहता पैसे पाठवणं

ही सगळ्यात महाग चूक. इंटरनेटवर मोठं, सजवलेलं, स्वस्त घर दिसतं. मालक लिहितो, "मी सध्या परदेशात आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल." विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवतो. तो पासपोर्ट दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि घरही. माझ्या ओळखीतल्या एका पोराच्या बाबांनी तूर विकून आलेले पैसे असे पाठवले. चावी कधी आली नाही.

घर स्वतः किंवा विश्वासातल्या माणसानं आत जाऊन पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. निघण्याआधी घर मिळत नसेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी दवाखान्याच्या किंवा कंपनीच्या वसतिगृहात खोली मागा. नोकरीचा करार होतानाच विचारा आणि किती महिने राहता येईल ते लिहून घ्या. मागायला लाजू नका, भरती करणाऱ्यांना हा प्रश्न सवयीचा असतो.

डिपॉझिटचाही कायदा आहे. ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. "सगळं आजच द्या, नाहीतर दुसऱ्याला देतो" म्हणणारा खरा मालकही असू शकतो, पण हा नियम माहीत असला की पाय लटपटत नाहीत. दलालाचंही तसंच: २०१५ पासून भाड्याच्या घरात ज्यानं दलाल नेमला त्यानंच त्याचे पैसे द्यायचे. मालकानं नेमलेल्या दलालाला तुम्ही देणं लागत नाही.

खोल्या आणि भाडं आपल्या हिशेबानं मोजणं

जाहिरातीत "दोन खोल्या" वाचून आपण टू बीएचके समजतो. तिथं खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि न्हाणी धरत नाहीत, पण हॉल धरतात. म्हणजे त्यांचं दोन खोल्यांचं घर आपला वन बीएचके झाला. घरी फोनवर "दोन बेडरूम आहेत" सांगून बसाल आणि आई-बाबा आले की अडचण होईल.

भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात सहसा हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची देखभाल असा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. शिवाय त्या जादा खर्चाचे महिन्याचे पैसे हे फक्त आगाऊ असतात. वर्षाचा हिशेब नंतर येतो, आणि हीटर जास्त चालवला असेल तर फरक भरावा लागतो. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ते पाकीट उघडलं त्या संध्याकाळी मी जेवले नाही. म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकत जा.

पत्ता नोंदवू न देणारं घर घेणं, आणि लेटरबॉक्सवर नाव न लावणं

यावर जरा थांबून लिहिते, कारण इथं पोरं सर्वात जास्त गोत्यात येतात.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तुमचा पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो: हा माणूस माझ्या घरी अमुक तारखेपासून राहतो. नाव लांबलचक आहे, 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', पण काम आपल्या ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्यासारखं. काही जण खोली स्वस्तात देतात आणि वर म्हणतात, नोंदणी मिळणार नाही. अशी खोली घेऊ नका. नोंदणीवाचून बँक, राहण्याचा परवाना, कराचा नंबर, सगळं एकामागोमाग अडतं.

नोंदणी केली म्हणून निर्धास्त झालात तर पुढची चूक होते. गावात पोस्टमनला सगळ्यांची घरं पाठ असतात. पाकिटावर "मारुतीच्या पाराजवळ" एवढं लिहिलं तरी पत्र दारात येतं. तिथं एका इमारतीला एक नंबर आणि खाली वीस लेटरबॉक्स. फ्लॅट नंबर बहुतेक पत्त्यांत नसतोच. तुमचं नाव लेटरबॉक्सवर नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. माझ्या डब्यावर जुन्या भाडेकरूचं नाव होतं आणि मी म्हटलं, सावकाश बदलू. माझा कराचा नंबर असलेलं पत्र परत गेलं. हा नंबर दवाखान्याकडे, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडे नसला की तो पगारातून सहाव्या, म्हणजे सर्वात जड वर्गाच्या दरानं कर कापू शकतो. पहिल्या पगाराची पावती पाहिली तेव्हा मला वाटलं की फसवलं. पैसे नंतर मिळाले, पण त्या महिन्यात घरी पाठवायला काही उरलं नाही.

म्हणून चावी मिळाली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर नाव लिहा आणि लेटरबॉक्स व घंटी, दोन्हीवर चिकटपट्टीनं लावा. पासपोर्टवर जसं आहे तसंच, आडनावासकट. देखणी पाटी नंतर मालकाकडून बसवून घ्या.

आणि आलेलं प्रत्येक पाकीट उघडा. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र जाहिरात समजून पोरं फेकून देतात. ते महिन्याला १८.३६ युरो आहे, टीव्ही नसला तरी लागतं. पण ते माणशी नसून घरामागं आहे. तीन जण एकत्र राहत असाल तर एकानंच भरायचं आणि बाकी दोघांनी तसं कळवायचं.

घर म्हणजे आत सगळं असेल असं धरणं

तिथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते; शेगडी, ओटा, कधीकधी सिंकसुद्धा नसतं. जुना भाडेकरू आपलं उचलून नेतो. दिवेही नेतो. माझ्या दुसऱ्या घरात मी डिसेंबरच्या एका शनिवारी शिरले. दुपारी साडेचारला अंधार पडला, बटण दाबलं, काही नाही. वर पाहिलं तर छतातून नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. दोन रात्री मोबाईलच्या टॉर्चवर काढल्या आणि कोरड्या खारोड्या खाल्ल्या.

तेव्हा शनिवारी घरात शिरू नका. आधी विचारा: स्वयंपाकघर आहे का, दिवे आहेत का, शेगडी कोणती आहे? इंडक्शन असेल तर काकूंचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. साधी काचेची विजेची शेगडी असेल तर तापेल, पण बूड सपाट हवं. खोलगट तव्यावर भाकर मधेच भाजते आणि कडा कच्च्या राहतात. सपाट बुडाचा लोखंडी तवा दोन्हीवर चालतो. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट, त्यामुळे मिक्सर चालेल. फक्त आपली तीन गोल पायांची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, दोन अडॅप्टर सोबत घ्या. आणि तूप-पेढे मात्र बॅगेतून काढा. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. आईनं कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागतं तेव्हा फार जिवावर येतं.

ताबा घेताना "ठीक आहे" म्हणणं

मालक फिरून घर दाखवतो आणि एक फॉर्म भरतो. आपण मान डोलावत सही करतो, पाहुण्यासारखे. तसं करू नका. प्रत्येक खोलीत नळ सोडून पाहा, खिडक्या उघडून पाहा, फरशीवरचे ओरखडे, भिंतीतली छिद्रं, न्हाणीतले डाग, सगळ्यांचे फोटो काढा आणि फॉर्मवर लिहायला लावा. माझ्या पहिल्या घरातल्या ओव्हनच्या काचेला बारीक तडा आधीपासून होता. तो कागदावर नव्हता, म्हणून घर सोडताना माझ्या डिपॉझिटमधून कापला गेला. वीज मीटरचा नंबर आणि आकडाही त्याच दिवशी फोटोत घ्या, म्हणजे आधीच्या माणसाची वीज तुमच्या बिलात येणार नाही.

खिडकी दिवसभर बंद ठेवणं

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी खिडक्या लावून घेतो, आणि थंडीत तर लावतोच. तिथं तसं केलं की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते. कारण ओल बाहेरून येत नाही, तुमच्या घरातून येते: भाताची वाफ, अंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, रात्रभराचा श्वास. ती ओल थंड भिंतीवर जाऊन बसते. उपाय सोपा आहे. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, त्या वेळी हीटर बंद. खिडकी दिवसभर जराशी तिरकी उघडी ठेवणं उलट वाईट, भिंती गार होतात आणि पैसे बाहेर जातात. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. आणि बुरशी दिसली तर पुसून लपवू नका, फोटोसह मालकाला लेखी कळवा.

शेजार

स्टुटगार्टच्या बाजूला 'केअरवोखे' नावाची पद्धत आहे. आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायचा-पुसायचा, आणि पाळी आली की दारावर एक पाटी लटकते. पहिल्यांदा मी ती पाटी पाहून नोटीस समजले आणि घाबरले. वरच्या मजल्यावरच्या आजींनी हातवारे करून समजावलं. मग मी जिना धुतला, अगदी सडा-सारवण करायची सवय असलेल्या हातांनी, आणि त्या आजी तेव्हापासून मला नावानं हाक मारतात. पाळी चुकवली की शेजारी बोलत नाहीत, सरळ मालकाला पत्र लिहितात.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. ड्रिल, मिक्सर, मोठ्यानं व्हिडिओ कॉल, सगळं आलं. भारत हिवाळ्यात साडेचार तास पुढं असतो, म्हणून घरी बोलायचं तर तुमच्या दुपारीच बोला. मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, धुराचा अलार्म वाजतो. त्याची बॅटरी काढू नका. कचरा कुठला कुठल्या डब्यात ते घराच्या नियमांच्या कागदावर असतं, पहिल्याच दिवशी भाषांतर करून फ्रिजवर लावा.

बाहेरून दाराला मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं की बंद. मी कचरा टाकायला चपलेवर गेले आणि बाहेर राहिले, रात्री. कुलूपवाल्यानं घेतलेले पैसे अजून आठवतात. एक जादा चावी जवळच्या मैत्रिणीकडे ठेवा, आणि कुलूपवाल्याला बोलावताना फोनवरच पूर्ण रक्कम ठरवा. वैयक्तिक दायित्व विमा, 'हाफ्टप्फ्लिश्ट', म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, पहिल्या महिन्यातच काढा. तो सहसा वर्षाला शंभर युरोच्या आत मिळतो. चावी हरवल्याचं नुकसान त्यात धरलंय ना ते विचारा, कारण काही इमारतींत एक चावी हरवली की सगळी कुलपं बदलावी लागतात.

सोडताना व्हॉट्सॲपवर कळवणं

घर सोडायची सूचना कागदावर, स्वतःच्या सहीनंच द्यावी लागते. मेसेज किंवा ईमेल कायद्यानं धरत नाहीत. साधारण मुदत तीन महिन्यांची, आणि तो महिना मोजला जावा म्हणून पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचायला हवं. चौथ्या दिवशी पोचलं तर एक भाडं जास्त. मालकाशी तंटा झाला तर भाडेकरू संघटना आहे, 'मीटरफेराइन'. वर्षाची वर्गणी भरली की तिथले वकील तुमची कागदपत्रं बघून सल्ला देतात.

आईबाबांना एवढंच सांगते, पोरगा "घर पाहतोय" म्हणाला तर रोज विचारून त्याला घाई करू नका. घाईतच तो नको त्या कागदावर सही करतो. आणि त्याच्या नावानं कोणी अनोळखी खात्यात पैसे मागितले तर आधी त्याच्याशी तोंडानं बोला.

हे सगळं सांगेपर्यंत ओट्यावर दिवेलागण झाली. काकूंनी कुकर बाहेर काढला, खोलगट तवाही काढला, आणि आतून सपाट बुडाचा जुना लोखंडी तवा आणून फडक्यात गुंडाळला. पोरानं वहीचं पान फाडून पासपोर्ट उघडला आणि मोठ्या अक्षरांत आपलं नाव दोनदा लिहिलं, एक पट्टी डब्यासाठी, एक घंटीसाठी. त्या पट्ट्या त्यानं चिकटपट्टीच्या गुंडाळीसोबत हँडबॅगच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.