गाताना हेडफोनमध्ये आवाज मागे पडतोय?

लातूर-नांदेडकडे घरच्या खोलीत अभंग-भारुडं रेकॉर्ड करणाऱ्यांनी आधी ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवावा. त्यात शंभर मिलिसेकंदांच्या पुढे उशीर सहज होतो. कुठलंही सेटिंग तो भरून काढत नाही. वायरचा, बंद कपांचा हेडफोन थेट इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणारा डबा) लावा.

मग बफर, म्हणजे संगणक आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) एकदम हाताळतो तो आकडा; तो रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये असतो. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे एका बाजूचेच १०.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट, वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. १२८ वर तेच २.७ होतात. विंडोजवर इंटरफेस कंपनीचाच आसिओ (ASIO, कमी उशिराचा) ड्रायव्हर घ्या. १२८ वर कटकट ऐकू आली तर आधी इतर ट्रॅक फ्रीझ करा (इफेक्टसकट तात्पुरते पक्के करा, म्हणजे प्रोसेसरचा भार उतरतो), जड रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) बंद करा, तरीही थांबली नाही तरच २५६. मिक्सिंगला खुशाल १०२४ ठेवा. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, प्रोसेसर मंदावू शकतो आणि कटकट सुरू होते; पॉवर मोड आधीच ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर टाका.

इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला देणारं) बटण असेल तर बफरची चिंताच नको. मात्र सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज परत ऐकवणं) बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येतो. रिव्हर्बशिवाय गळा मोकळा होत नसेल तर मॉनिटरिंग चालू ठेवा, पण ट्रॅकचा मूळ आवाज हेडफोनला जाऊ देऊ नका; रिव्हर्ब तेवढा सेंडवर (वेगळ्या वाटेने), पूर्ण वेट (मूळ आवाज न मिसळता फक्त इफेक्ट) ठेवून द्या. रिव्हर्ब थोडा उशिरा आला तरी खटकत नाही.

उशीर जाणवत नाही, पण आवाज पोकळ येतोय? हाडांतून पोचणारा स्वतःचा आवाज हेडफोनमधल्या आवाजाशी कापला जातोय. मॉनिटरची (हेडफोनला जाणाऱ्या आवाजाची) पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.