भाषणात अवतरणांचा वापर कसा करावा

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे १७ सप्टेंबर, जवळ आला की शाळा-महाविद्यालयांत भाषणांची तयारी सुरू होते आणि विद्यार्थी सर्वांत आधी सुविचारांची वही उघडतात. चूक येथेच होते. श्रोत्यांना काय सांगायचे आहे, ते आधी एका वाक्यात लिहून काढावे आणि तीच गोष्ट कोणी आपल्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगून ठेवली असेल, तरच अवतरण घ्यावे. सात मिनिटांच्या भाषणाला दोन अवतरणे पुष्कळ झाली.

निवडलेले वचन छापील ग्रंथातून शब्दन् शब्द तपासून घ्यावे, कारण मोबाइलवरील संदेशांत कोणाचेही वाक्य कोणाच्याही नावावर खपते. त्याहून मला खुपते ते ओळी गाळणे. महात्मा फुले यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील ‘विद्येविना मती गेली’ हे वचन शिक्षणावरील भाषणांत हमखास येते. परंतु अनेक वक्ते ‘वित्ताविना शूद्र खचले’ ही ओळ वगळून पुढे जातात आणि ज्यांच्यासाठी फुल्यांनी ते लिहिले, तीच माणसे त्या वचनातून नाहीशी होतात. वेळ अपुरा असेल तर दुसरे अवतरण सोडावे, ही ओळ सोडू नये.

श्रोते कोण आहेत, हेही पाहावे. गंगाखेडला बचत गटाच्या मेळाव्यात बोलताना त्याच गावच्या संत जनाबाईंचे ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’ हे शब्द घेतले, तर जात्याचा खुंटा धरलेल्या आजीबाईंना अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परभाषेतील वचन घ्यायचेच असेल, तर भावार्थ सांगत असल्याचे स्पष्ट करून ते मराठीत द्यावे.

अवतरण पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि श्वास घेण्याच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ ओढावी. बोलताना आधी नाव, मग वचन आणि त्यानंतर क्षणभर शांतता, हा क्रम ठेवावा. एका स्पर्धेत मी परीक्षक असताना नववीतील एका मुलीने फुल्यांचे ते वचन पूर्ण म्हटले, ती थांबली आणि लगेच म्हणाली, “आमच्या गावाला बस येत नाही, म्हणून माझ्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली.” मागच्या बाकांवरील कुजबुज तत्क्षणी थांबली. अवतरणानंतरचे पहिले वाक्य असे आपल्या अनुभवातले असावे आणि ते अवतरणाइतक्याच काळजीने आधी लिहून काढावे. ऐनवेळी वचनातील शब्द आठवला नाही, तर पदरचा शब्द न घालता कागदाकडे सरळ पाहून वाचावे.