बोन्साय घेण्याआधी घरातला उजेड तपासा

पुण्यात घरात ठेवलेली सदाहरित बोन्साय झाडे माझ्या पाहण्यात बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये जातात, आणि ती पाण्यावाचून नव्हे, उजेडावाचून जातात. झड लागली की खिडकीतला उजेड उतरतो, पाणी मात्र मे महिन्याच्याच हिशेबाने घातले जाते. मुळांना तेवढे पाणी ओढवत नाही आणि उथळ कुंडीत ती कुजू लागतात. म्हणून झाड निवडण्याआधी, भर दुपारी, ठरवलेल्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट उमटत नसेल तर तिथे बोन्साय ठेवू नये, विक्रेता काहीही म्हणो. ही कसोटी सहसा चुकत नाही.

सर्वाधिक नुकसान जुनिपरचे होते. थंड हवेतले, उघड्यावर वाढणारे हे झाड टेबलावरची शोभा म्हणून विकले जाते. मुळे मेल्यावरही त्याची पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे मेलेल्या झाडालाही पाणी घातले जात राहते. घेताना बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडावी; आत ओलसर हिरवे दिसले तरच झाड घ्यावे आणि ते गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीतच ठेवावे. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र त्याला शेडनेटची सावली द्यावी.

घरासाठी नांदरूक, फायकस बेंजामिना, शेफलेरा किंवा जेड घ्यावे, आणि तेही खिडकीला लागून. बेंजामिना जागा बदलताच पाने गाळतो. त्या वेळी घाबरून पाणी वाढवू नये. वड, बकुळ, कामिनी आणि चिंच ही बाहेरचीच झाडे होत.

कुंडीवर गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर ते आधी काढावेत, कारण त्यांच्यावरून पाणी ओघळून जाते आणि माती आत कोरडीच राहते. परदेशी अकादामा माती, टॉनिक, पाने चमकवणारे फवारे यांवर पैसे घालवण्याचे कारण नाही. विटांचे चाळलेले बारीक तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग एवढे फायकसला (नांदरूक, बेंजामिना) पुरते. काळी माती वापरू नये; ती फुगून निचरा बंद करते.

जूनमधील कामे:
– तळाची छिद्रे मोकळी करणे
– कुंडीखालची ताटली काढणे
– फांद्यांना आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतली असेल तर ती कापणे
– फायकसची कुंडी बदलणे

कुंडीवर मुंग्या चढू लागल्या की पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आला असे धरून चालावे आणि फांद्यांच्या बेचक्यांत पाहावे. कापसाने पुसून, संध्याकाळी निंबोळी तेल 5 मिली प्रति लिटर पाण्यात थोडा द्रवरूप साबण मिसळून फवारावे.

झडीच्या दिवसांत बोट पेरभर मातीत घालून ओल लागली तर पाणी देऊ नये, आणि ऊन पडताच घरातली कुंडी काही तास बाल्कनीत, थेट उन्हाऐवजी विरळ सावलीत ठेवावी.