गिट बसवण्याची मार्गदर्शिका अचूक आणि नवख्याला झेपणारी कशी ठेवावी

नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत काय किंवा मिहान या औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांत काय, गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवण्याची एखादी मार्गदर्शिका हाताशी असतेच. बहुधा ती कोणा सीनियरने स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे नीट चालल्यावर लिहिलेली असते आणि पुढे पीडीएफच्या रूपाने व्हॉट्सअॅपवर एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात राहते. लिहिणारा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो, गिट पुढे सरकलेले असते आणि मार्गदर्शिका मात्र होती तिथेच असते. नवख्याला यातले काहीच ठाऊक नसल्यामुळे तो चूक स्वतःचीच धरतो. म्हणून अशी मार्गदर्शिका सांभाळणे ही गंभीर जबाबदारी आहे, असे मी मानतो.

प्रथम जुना मजकूर तपासावा. ‘पुश करताना गिटहबचा पासवर्ड द्या’ ही ओळ आजही अनेक मार्गदर्शिकांत सापडते. पुश म्हणजे आपले काम गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर पाठवणे. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. त्याऐवजी ब्राउझरमधून साइन-इन, अॅक्सेस टोकन (पासवर्डऐवजी वापरायची सांकेतिक ओळ) किंवा एसएसएच की (संगणकावर ठेवलेली ओळखीची फाइल) लागते. जुनी ओळ वाचणारा विद्यार्थी पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतो, मग तो बदलतो आणि तरीही अडतो. शाखेच्या, म्हणजे कामाच्या एका स्वतंत्र धाग्याच्या, नावाचेही तसेच आहे. ऑक्टोबर 2020 पासून गिटहबवरील नव्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या संचात) मुख्य शाखा ‘मेन’ नावाची असते, तर आपल्या संगणकावर सुरू केलेल्या रिपॉझिटरीत काही निवडले नसेल तर ‘मास्टर’ हे नाव येऊ शकते. हे नाव आधीच ठरवून देण्याची सोय गिट 2.28 पासून आहे. ती सुरुवातीलाच करायला सांगावी आणि पुढे सर्वत्र तेच एक नाव वापरावे.

आज्ञा कशा छापल्या जातात, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. मार्गदर्शिका वर्डमध्ये लिहिली की ‘ग्लोबल’च्या (संगणकावरील संपूर्ण खात्यासाठी नोंद करणाऱ्या शब्दाच्या) आधीच्या दोन आखूड रेघांची आपोआप एक लांब रेघ होऊ शकते आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार होतात. डोळ्यांना ती आज्ञा जशीच्या तशी दिसते, पण कॉपी करून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) टाकली की गिट ती नाकारते. म्हणून मजकूर मार्कडाउनसारख्या साध्या स्वरूपात लिहावा आणि आज्ञा कोडच्या चौकटीत ठेवाव्यात. ओळीच्या सुरुवातीचे डॉलरचिन्ह टाळावे, कारण नवखा तेही टाइप करतो. विंडोजवर गिट बॅशमध्ये (गिटसोबत येणाऱ्या टर्मिनलमध्ये) कंट्रोल आणि व्ही दाबून पेस्ट होईलच असे नाही, शिफ्ट आणि इन्सर्ट दाबावे, हेही पहिल्या आज्ञेच्या आधीच सांगावे.

प्रत्येक आज्ञेसोबत ती कशासाठी आहे आणि ती दिल्यावर पडद्यावर काय दिसेल, हे दोन्ही लिहावे. यातला दुसरा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. नाव आणि ईमेल नोंदवण्याची आज्ञा बरोबर गेली तर गिट काहीच म्हणत नाही. नवखा मात्र ‘यशस्वी’ अशा संदेशाची वाट पाहत राहतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो. ‘येथे काहीही दिसणार नाही, पुढे चला’ एवढे वाक्य त्याचा जीव भांड्यात पाडते. हे नाव आणि ईमेल म्हणजे लॉगिन नव्हे, प्रत्येक कमिटवर (बदलांच्या जतन केलेल्या नोंदीवर) ते कर्त्याची खूण म्हणून नोंदले जाते, हेही तिथेच स्पष्ट करावे.

महाविद्यालयातील सामायिक संगणकांसाठी वेगळा परिच्छेद हवाच. एकाच विंडोज खात्यावर अनेक विद्यार्थी बसत असतील तर ‘ग्लोबल’ने नोंदवलेले नाव तिथेच राहते आणि दुपारच्या तुकडीचे कमिट सकाळच्या विद्यार्थिनीच्या नावावर पडतात. विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर गिटहबची ओळखही जपून ठेवतो, त्यामुळे पुशसुद्धा तिच्याच खात्यातून होऊ शकते. अशा संगणकावर ‘ग्लोबल’ न लावता रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जाऊन नाव नोंदवायला सांगावे आणि उठण्यापूर्वी साठवलेली ओळख पुसण्याची कृती द्यावी. नाव कोठून येत आहे हे पाहण्यासाठी कॉन्फिगच्या (गिटच्या सेटिंगच्या) यादीला ‘शो-ओरिजिन’ जोडता येते. ही आज्ञा मार्गदर्शिकेत असावी.

विंडोजच्या इन्स्टॉलरबाबत ‘पाचव्या पडद्यावर नेक्स्ट दाबा’ असे लिहू नये, कारण पडद्यांचा क्रम आवृत्तीगणिक बदलतो. कोणता प्रश्न विचारला जाईल आणि कोणते उत्तर निवडायचे, हे लिहावे. एडिटरच्या प्रश्नावर नोटपॅड निवडायला सांगणे नवख्याच्या दृष्टीने फार हिताचे आहे; विम (कळांच्या आज्ञांनी चालणारा एडिटर) राहिला आणि संदेश न देता कमिट केले तर त्याला बाहेर पडण्याची वाट सापडत नाही. विंडोज, उबुंटू आणि मॅक यांची पाने मात्र वेगळी ठेवावीत. उबुंटूच्या भांडारातून येणारे गिट बरेचदा काहीसे जुने असते, म्हणून किमान कोणती आवृत्ती हवी हे सांगून ती तपासण्याची आज्ञा सर्वांत आधी द्यावी.

मार्गदर्शिका खरी आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतःच्या संगणकावर कधीच कळत नाही. तिथे सगळे आधीच जुळलेले असते. कोरे व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक) घ्यावे आणि टर्मिनल कधी न उघडलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यापुढे बसवावे. लिहिणाऱ्याने शेजारी बसावे, पण बोलू नये. ‘दादा, इथे यूजरनेम म्हणजे माझं नाव टाकू की ईमेल?’ असा प्रश्न आला की तो वहीत उतरवावा आणि उत्तर त्याला तोंडी देण्याऐवजी मार्गदर्शिकेतच लिहून पुन्हा वाचायला द्यावे. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि घाई असली की नेमका तोच वगळला जातो.

मार्गदर्शिका गिटमध्येच ठेवावी, म्हणजे कोणती ओळ कोणी आणि का बदलली याची नोंद राहते; मात्र वाचकाकडे अजून गिट नसल्यामुळे ती ब्राउझरमध्येही उघडली पाहिजे. पानाच्या माथ्यावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि गिटची आवृत्ती लिहावी. प्रत्येक सत्रापूर्वी, म्हणजे साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, पुन्हा तपासणी करावी आणि ती कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. टोकन तयार करण्याची पायरी वारंवार बदलत असल्याने तिथे गिटहबच्या अधिकृत पानाचा दुवा द्यावा आणि टोकनला मुदत असू शकते एवढे आपण सांगावे. चुकीची ठरलेली सूचना खाली टीप जोडून जिवंत ठेवू नये, ती काढून टाकावी. जुनी पीडीएफ ज्या ज्या ग्रुपवर गेली आहे, तिथे नव्या पानाचा पत्ता टाकून तो पिन करावा.