कोनेसीनवर काम सुरू करताय? यूव्ही दिव्याला फार मान देऊ नका

कुड्याची साल प्रोजेक्टला घेतलीत म्हणजे कोनेसीनशी, तिच्यातल्या अल्कलॉइडशी (नायट्रोजन असलेल्या बेसधर्मी द्रव्याशी), गाठ पडणारच. स्टेरॉइडचा सांगाडा, त्यात दोन टर्शरी नायट्रोजन, रेणुभार ३५६.६. सौम्य आम्लात अर्क, मग अमोनियानं पीएच ९-१० वर नेऊन क्लोरोफॉर्म. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

आता जे कोणी सांगत नाही ते. कोनेसीन २५४ नॅनोमीटरला दिसत नाही. नीट वाचा, अजिबात दिसत नाही! रेणूत एकच सुटा डबल बाँड आहे, कॉन्ज्युगेशन (एकाआड एक डबल बाँडची साखळी) कुठेच नाही, मग तो प्रकाश शोषणार कशाच्या जोरावर? टीएलसीची (सिलिकाच्या थरावर घटक वेगळे करायची) प्लेट दिव्याखाली धरली की गडद ठिपके दिसतात ते फिनॉलिक्सचे, म्हणजे सालीतल्या प्रकाश शोषणाऱ्या इतर द्रव्यांचे. आपण त्यांच्यामागे धावतो, आणि ज्या फ्रॅक्शनमध्ये (अर्क वेगळा करताना एकेका नळीत गोळा केलेल्या भागात) खरा माल उतरलाय त्या ‘कोऱ्या’ समजून वेस्टच्या बाटलीत ओततो. मीही ओतल्यात. त्यामुळे प्रत्येक फ्रॅक्शनच्या ठिपक्यावर ड्रॅगेनडॉर्फ (अल्कलॉइड नारिंगी दाखवणारं रसायन) फवारा, दिव्याला दिसो न दिसो. नारिंगी उमटलं की ती नळी जपून ठेवा. ठिपक्याला लांब शेपूट येत असेल तर घाबरू नका. सिलिका आम्लधर्मी आहे, ती बेस धरून ठेवते. सॉल्व्हंटमध्ये थोडा अमोनिया घाला, ठिपका आटोपशीर होतो.

एचपीएलसीतही (दाबाखाली कॉलममधून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातही) तेच दुखणं. ईएलएसडी (प्रकाश शोषण्यावर अवलंबून नसलेला डिटेक्टर) किंवा मास (रेणूचं वजन मोजणारा डिटेक्टर) मिळालं तर उत्तम. मासमध्ये ३५७ (रेणू अधिक एक प्रोटॉन) शोधा. यूव्हीच हाताशी असेल तर २१० च्या आसपास बघावं लागतं. तिथे शेपूट घालवायला ट्रायइथिलअमीन टाकलंत तर ते स्वतःच शोषतं आणि बेसलाइन नाचायला लागते. ‘सीनियरची मेथड आहे, डोळे मिटून लाव’ म्हणणारे गाइड मला म्हणूनच आवडत नाहीत. ती मेथड बहुतेक वेळा फ्लेव्होनॉइडची असते.

साल बाजारातून आणणार असाल तर जपून. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळा कुडा सर्रास खपतो. झाडावर शेंगा असतील तर ओळख सोपी: काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. बियाही चाखून बघा; पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोड. हर्बेरियम नमुना (ओळख पटवलेल्या झाडाचा वाळवून जपलेला नमुना) जमा केल्याशिवाय साल दळू नका. तयार अर्काची पावडर आणणं हा शॉर्टकट तर माझ्या मते नुसता वेळखाऊपणा.

जिवाणूंवर एकट्या कोनेसीनचा एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) फार उत्साहवर्धक येत नाही. रडू नका, प्रोजेक्ट बुडालेला नाही. स्यूडोमोनास या जिवाणूत ते एफ्लक्स पंप (औषध पेशीबाहेर फेकणारा पंप) अडवतं, म्हणून अँटिबायोटिकसोबत चेकरबोर्ड (दोघांच्या वेगवेगळ्या मात्रा एकत्र तपासणारी चाचणी) लावा. तिचा एफआयसी इंडेक्स (एकत्र दिल्यावर मात्रा किती घटली ते सांगणारा आकडा) ०.५ किंवा त्याखाली आला तर सिनर्जी, म्हणजे दोघं एकमेकांचा जोर वाढवतात. दाहाच्या प्रयोगात, म्हणजे पेशी किती नायट्रिक ऑक्साइड सोडतात ते मोजताना, मात्र आधी एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते पाहणारी चाचणी) करा. पेशी मेल्या तरी नायट्रिक ऑक्साइड कमी दिसतं, आणि तो आलेख बघायला फार सुंदर दिसतो.