इंग्लंडमधल्या ऑफिसात दुसऱ्याची चूक दाखवताना

इंग्लंडमध्ये नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींचे इंग्रजी व्याकरण सहसा चोख असते. अडखळायला होते ते दुसऱ्याची चूक दाखवताना. मराठीत ‘अहो, जरा बघता का’ म्हटले की ‘अहो’, ‘जरा’ आणि क्रियापदाचे आदरार्थी रूप मिळून निम्मे काम उरकतात. इंग्रजीत यांपैकी काहीच सोबत येत नाही आणि उरते ते ‘यू हॅव मेड अ मिस्टेक’ हे कोरडे वाक्य, जे शुद्ध असूनही समोरच्याला आरोपासारखे लागते. म्हणून कर्त्याच्या जागी माणूस न ठेवता आकडा किंवा तारीख ठेवावी: ‘द टोटल ऑन पेज थ्री डझन्ट सीम टू मॅच द इन्व्हॉइस. कुड यू हॅव अ लुक, प्लीज?’

नव्याने आलेल्यांपैकी काहींच्या पगारपत्रकावर ‘बीआर’ हा टॅक्स कोड पडतो. त्यात १२,५७० पौंडांची वार्षिक करमुक्त रक्कम धरली जात नाही आणि सगळ्या पगारावर २० टक्के कर कापला जातो. अशा वेळी पेरोल विभागाला लिहावे: ‘आय थिंक माय टॅक्स कोड मे बी इनकरेक्ट. इट इज शोन अॅज बीआर, बट धिस इज माय ओन्ली जॉब. हाऊ कॅन आय गेट इट करेक्टेड?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण नवा कोड बहुतेक वेळा करखात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, यावा लागतो.

सौम्यपणा सुरुवातीपुरता असावा, मुद्द्यात नको. ‘आय थिंक’ एकदा पुरे. तीन वेळा ‘सॉरी’ लिहून चूक शेवटच्या ओळीत दडवली, तर ती कोणी वाचतही नाही. ‘काइंडली डू द नीडफुल’ इथे जुनाट वाटते, तर ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ चक्क भांडणाची नांदी वाटते.

उलट बाजूही ओळखावी. साहेब ‘इट्स नॉट क्वाइट राइट’ म्हणाले, तर काम चुकले आहे असेच समजून ते लगेच दुरुस्त करावे.

रुग्णालयात काम करणाऱ्यांनी मात्र औषधाच्या मात्रेबाबत ही सारी आडवळणे सोडून थेट बोलावे: ‘प्लीज स्टॉप. दॅट डोस इज राँग.’